चळवळीतल्या वडीलधाऱ्यांचे स्मृतिलेखन कसे करावे

बौद्ध कुटुंबात मृत्यूनंतर होणाऱ्या जलदान विधीनंतर भरणाऱ्या आदरांजली सभेत किंवा पहिल्या स्मृतिदिनी वाटल्या जाणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याविषयी जे बोलले आणि छापले जाते, त्यातली बहुतेक वाक्ये नाव बदलून दुसऱ्या कोणत्याही ज्येष्ठाला जशीच्या तशी लावता येतात. ‘झुंजार कार्यकर्ते’, ‘बाबासाहेबांच्या विचारांचे निष्ठावंत पाईक’, ‘कुटुंबवत्सल पिता’, ‘समाजाची कधीही भरून न येणारी हानी’ हे शब्द खोटे असतात असे नाही. मात्र त्यांतून त्या माणसाने कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणापुढे उभे राहून काय केले याचा पत्ता लागत नाही, आणि वीस वर्षांनी नातवंडांनी ती स्मरणिका उघडली तर आजोबांचा एक फोटो आणि काही विशेषणे एवढेच त्यांच्या हाती लागते. हे टाळायचे असेल तर काय गोळा करावे, काय तपासावे, काय लिहावे आणि काय वगळावे, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

येथे डोळ्यांसमोर आहे ती महाराष्ट्रातील आंबेडकरी बौद्ध समाजातील, साधारणपणे १९३० ते १९४५ या काळात जन्मलेली पिढी. तरुणपणी तिने धम्मदीक्षा घेतली, भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिला, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची सोळा वर्षे काढली आणि हे सगळे करता करता मुलांना शिकवले. या पिढीविषयी लिहिताना ‘धार्मिक कार्य’, ‘कौटुंबिक जीवन’ आणि ‘सामाजिक चळवळ’ असे तीन मथळे पाडण्याची पद्धत पडली आहे, आणि माझ्या मते स्मरणिका निर्जीव होण्याचे ते पहिले कारण आहे. त्यांच्या आयुष्यात ही तीन खाती वेगळी नव्हतीच. घरातले देव विसर्जित करणे हे धम्माचे काम होते, घरात भांडण लावणारे होते आणि गावाच्या नजरेत बंडही होते. म्हणून लेखन करणाऱ्याने सुरुवातीलाच असे दोन-तीन प्रसंग शोधावेत, ज्यांत श्रद्धा, घर आणि हक्क एकाच वेळी पणाला लागले होते; बाकीचा मजकूर त्यांच्याभोवती आपोआप जमतो.

पहिल्या आठवड्यात

घरात माणसांची ये-जा चालू असते, पाहुण्यांसाठी जागा करायची असते, आणि याच दिवसांत जुनी ट्रंक रिकामी होऊन त्यातले कागद रद्दीत जातात. घरातल्या एका व्यक्तीने, शक्यतो सुनेने किंवा नातवाने, ‘बाबांच्या कागदांना कोणी हात लावायचा नाही’ असे सर्वांना सांगून ती ट्रंक, भिंतीतले कपाट आणि गादीखालच्या पिशव्या ताब्यात घ्याव्यात. शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीची सेवापुस्तिका, सातबाराचे उतारे, न्यायालयाचे समन्स, जामिनाचे कागद, विहाराच्या वर्गणीची पावतीपुस्तके, अधिवेशनांचे बिल्ले, ‘प्रबुद्ध भारत’ या चळवळीच्या पत्राचे पिवळे पडलेले अंक, डायऱ्या, हिशेबाच्या वह्या, हे सगळे उपयोगाचे असते. गेलेले ज्येष्ठ बौद्धाचार्य, म्हणजे बौद्ध विधी लावणारे, असतील तर त्यांनी लावलेल्या मंगल परिणयांच्या (लग्नांच्या) नोंदीही घरात सापडू शकतात, आणि त्या नोंदी म्हणजे त्या पंचक्रोशीतल्या बौद्ध कुटुंबांचा इतिहासच असतो.

लग्नपत्रिका कोणी जपून ठेवत नाही, पण सापडल्या तर त्या वर्षांप्रमाणे एकाखाली एक मांडून पाहाव्यात. थोरल्या भावाच्या पत्रिकेवर कुलदैवत प्रसन्न असते, मधल्या बहिणीच्या पत्रिकेवर देवाचे नाव नसते आणि त्या जागी काहीच नसते, तर धाकट्याच्या पत्रिकेवर बुद्धाचे चित्र आणि त्रिसरण असते. घरात धम्म नेमका कधी आणि किती टप्प्यांनी आला, हे अशा तीन पत्रिका कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट सांगतात.

याच आठवड्यात निधनाची बातमी आणि सभेची पत्रिका छापायला जाते, आणि तेथे एक जुनी चूक पुन:पुन्हा घडते. डीटीपी करणाऱ्याच्या संगणकात तयार नमुना असतो, त्यात ‘कै.’, ‘स्वर्गवासी’, ‘देवाज्ञा झाली’, ‘दशक्रिया विधी’ हे शब्द आधीच बसलेले असतात. ज्या माणसाने दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आयुष्यभर पाळल्या, त्याच्या नावाआधी हे शब्द जाऊ नयेत, यासाठी ‘कालकथित’, ‘निधन झाले’, ‘जलदान विधी’, ‘पुण्यानुमोदन’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहून द्यावेत आणि छापण्यापूर्वीचा नमुना घरातल्या शिकलेल्या माणसाने एकदा वाचावा.

सनावळी

स्मृतिलेखनात सर्वांत जास्त चुका तारखांच्या होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात. आदरांजली सभेतला एखादा उत्साही वक्ता १९३४ साली जन्मलेल्या माणसाला महाडच्या चवदार तळ्यावर नेऊन उभा करतो. महाडचे पाणी बाबासाहेबांनी प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी, आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० रोजी. त्यामुळे या पिढीचे वडील किंवा चुलते तेथे असू शकतात, ते स्वतः नाही. वडील गेले होते ही गोष्टही मोलाची आहे आणि ती तशीच लिहावी.

दीक्षेचेही तसेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली हे खरे, पण प्रत्येकाने नागपूरलाच घेतली असे नाही. १६ ऑक्टोबरला चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, दीक्षा समारंभ झाला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या शोकाकुल समुदायाला दीक्षा दिली, आणि त्यानंतरची काही वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांत, गावोगावच्या मैदानांत दीक्षेचे कार्यक्रम होत राहिले. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २८ लाख भरली. ती अशा असंख्य लहान समारंभांतून भरली आहे. तेव्हा आजोबांनी दीक्षा आपल्याच तालुक्यात, बैलगाडीने पोचून, १९५७ च्या उन्हाळ्यात घेतली असेल, तर त्यांना नागपूरला पाठवण्याची गरज नाही.

जन्मतारीख दाखल्यावर १ जून असेल, तर ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना स्वतः लिहिलेली असण्याची शक्यता मोठी आहे. कागदावरची तारीख द्यावी आणि पुढे ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे’ एवढे शब्द जोडावेत. वयाचा अंदाज घेण्यासाठी आणि प्रसंगांची वर्षे ठरवण्यासाठी घरच्या मोठ्या माणसांना सन विचारू नये; त्यांना घटना विचाराव्यात. पानशेतचे धरण फुटले (जुलै १९६१), कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७), मोठा दुष्काळ पडला (१९७२), आणीबाणी आली (१९७५), गिरण्यांचा संप सुरू झाला (जानेवारी १९८२), किल्लारीला भूकंप झाला (सप्टेंबर १९९३), त्या आधी की नंतर, असे विचारले की गावातली म्हातारी माणसे एका वर्षाच्या अंतरात अचूक उत्तर देतात.

कायद्यांच्या नावांतही काळाची सरमिसळ होते. ‘१९६२ साली त्यांनी अ‍ॅट्रॉसिटी दाखल केली’ असे वाक्य मी छापलेले पाहिले आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे आणि तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. १९६२ मध्ये पाणवठ्यावरून तक्रार झाली असेल तर ती १९५५ च्या अस्पृश्यतेविषयीच्या कायद्याखाली झाली असणार. त्याच कायद्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे आजचे नाव मिळाले. हा तपशील बरोबर लिहिला की त्या माणसाचे धैर्यही नीट दिसते, कारण त्या काळात अशी तक्रार घेऊन पोलीस पाटलाला ओलांडून तालुक्याच्या ठाण्यात जाणे म्हणजे गावात परत कसे जायचे हा प्रश्न अंगावर घेणे होते.

‘धर्म व जात’ हा रकाना

श्रद्धा, घर आणि हक्क एकत्र आलेला प्रसंग शोधायचा असेल, तर मी प्रत्येकाला मुलांच्या शाळेच्या दाखल्यांपासून सुरुवात करायला सांगेन. १९५६ नंतर मुलाचे नाव घालायला बाप शाळेत गेला की गुरुजींच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘धर्म व जात’ हा रकाना समोर यायचा, आणि तेथे काय लिहायचे हा निर्णय त्याला टेबलापाशी उभ्याउभ्या घ्यावा लागायचा. ‘बौद्ध’ लिहिले तर नुकत्याच घेतलेल्या दीक्षेशी इमान राखले जात होते. परंतु १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूंनाच, आणि १९५६ पासून शिखांनाही, अनुसूचित जातीत धरले जात होते. बौद्धांचा समावेश त्यात झाला तो १९९० साली. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण रेल्वे, टपाल खाते, केंद्राची कार्यालये येथे मात्र ‘बौद्ध’ हा शब्द मुलाच्या वाटेत उभा राहत होता.

त्यामुळे एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, मधल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि १९९० नंतर शिकलेल्या नातवाच्या कागदांवर पुन्हा ‘बौद्ध’ असे चित्र दिसते. लिहिणाऱ्याने हे लपवू नये आणि त्याचा निवाडाही करू नये. ज्या बापाने ‘बौद्ध’च लिहिले त्याने मुलाच्या नोकरीची किंमत मोजली असेल, ज्याने जुनी जात लिहिली त्याने रात्री विहारात जाऊन भन्तेजींसमोर मान खाली घातली असेल, किंवा घातली नसेलही, कारण भाकरीचा प्रश्न त्याला अधिक खरा वाटला असेल. त्या दिवशी शाळेत कोण कोण होते, गुरुजी काय म्हणाले, घरी आल्यावर आजी काय बोलली, हे विचारावे. अशा एका रकान्यावर नीट लिहिलेले पान हे ‘धम्मनिष्ठ’ या विशेषणाचे काम शंभर पटींनी चांगले करते. दाखल्याची प्रत छापायची असेल तर ज्याचा तो दाखला आहे त्याची परवानगी मात्र घ्यावी. हयात माणसाची जात आणि जन्मतारीख ही स्मरणिकेतून गावभर वाटण्याची गोष्ट नाही.

धम्म कृतीतून लिहावा

‘ते धम्माचे आचरण करीत’ हे वाक्य खोडून त्याजागी काय केले ते लिहावे. देव्हाऱ्यातले टाक कोणी, कोणत्या नदीत सोडले. आजीने त्या वेळी विरोध केला का. एखादा टाक तिने माळ्यावरच्या डब्यात दडवून ठेवला होता का, आणि आजोबांना ते माहीत असूनही त्यांनी कधी विषय काढला नाही का. गावाची कामे, येसकरकी (वेशीची राखण), मेलेली जनावरे ओढणे, जत्रेतला मान म्हणून वाजवणे, यांपैकी काय त्यांनी सोडले आणि ते सोडल्यावर बलुत्याचे धान्य बंद झाले तेव्हा घर कसे चालले. विहार बांधताना जागा कोणाची होती, विटा कोठून आल्या, पहिल्या वर्षी विहारावर पत्रे होते की नुसतीच चार भिंतींची समाजमंदिराची खोली होती. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज रात्री ग्रंथवाचन कोण करी, ऐकायला किती घरची माणसे येत, कंदिलाला रॉकेल कोण देई.

व्यसनाचा प्रश्न अवघड असतो. पंचशीलातले पाचवे शील पाळणारा माणूस म्हणून ज्यांची ओळख होती, त्यांच्या तरुणपणाची हकिकत वेगळी असू शकते, आणि दारू त्यांनी केव्हा व कशामुळे सोडली ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असते. घरच्यांची हरकत नसेल तर ती लिहावी, कारण ज्याने कधी प्यायलीच नाही त्याच्यापेक्षा ज्याने सोडली त्याचे शील नातवंडांना अधिक कळते. हरकत असेल तर तो भाग वगळावा. पण ‘आजन्म निर्व्यसनी’ असे मात्र लिहू नये.

आजीला वेगळे विचारावे

चळवळीतल्या पुरुषाचे चरित्र मुले सांगतात, आणि मुलांना बापाची भाषणे आठवतात. घरात त्या काळात काय चालले होते हे आजीला माहीत असते. तिच्याशी बोलताना मुलगे, जावई आणि पुढारी समोर नसावेत. ते असले की ती ‘त्यांनीच सगळं केलं, आम्ही काय, घरात होतो’ एवढेच म्हणते आणि चहा ठेवायला उठते. दुपारी, निवडण-टिपण चालू असताना, सुनेने किंवा नातीने शेजारी बसावे, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी घ्यावी आणि विचारांविषयी न विचारता दिवसांविषयी विचारावे. ते सत्याग्रहात गेले तेव्हा कोणते मूल अंगावर होते. घरात दाणे किती होते. कोणाच्या शेतात खुरपणीला, विदर्भात असेल तर निंदणाला, जावे लागले. ते सुटून येणार हे कोणी येऊन सांगितले.

भूमिहीनांच्या सत्याग्रहांविषयी या पद्धतीने बरेच हाती लागते. रिपब्लिकन पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर या भागांत आणि पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर जे सत्याग्रह झाले, त्यांत लाखो लोकांनी अटक करवून घेतली. बायकाही तान्ह्या मुलांसह तुरुंगात गेल्या. त्यामुळे आजी स्वतःच तुरुंगात जाऊन आली असण्याची शक्यता आहे आणि हे आजवर कोणी तिला विचारलेच नसण्याचीही आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा हा इतिहास कागदावर आला. आपापल्या घरापुरते तेच काम कोणालाही करता येते. असे काही निघाले तर आजी ‘सहधर्मचारिणी’ या शब्दात संपवू नये. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तिचे नाव आजोबांच्या नावाशेजारी यावे.

मुलांच्या तक्रारींनाही जागा असावी. बाबा शाळेच्या बक्षीस समारंभाला कधी आले नाहीत, मोर्चाच्या खर्चासाठी आईची बोरमाळ सावकाराकडे गेली आणि परत आली नाही, अशा गोष्टी मुले पन्नाशीनंतर मोकळेपणाने सांगतात. त्या सौम्य करून, पण काढून न टाकता लिहाव्यात.

हक्कांचा लढा : जागा, माणसे, कागद

लढा कोठे झाला ती जागा नेमकी सांगावी. पाणवठा, चावडी, हॉटेलातली बाहेर टांगलेली वेगळी कपबशी, स्मशानाकडची वाट, नवरदेवाची घोड्यावरची वरात, शाळेतली बसण्याची जागा, गायरानाचा तुकडा, यांपैकी कोणत्या जागेवरून ठिणगी पडली, हे कळल्याशिवाय वाचकाला पुढचे काही उमगत नाही. बहिष्कार पडला असेल तर त्याचे वर्णन करताना ‘अतोनात हाल झाले’ असे लिहून थांबू नये. दळण कोणत्या गावच्या गिरणीवर नेले, किराणा कोठून आणला, बाळंतिणीला दूध कोणी दिले, मजुरीसाठी रोज किती लांब चालत जावे लागले, गावातल्या कोणी रात्री मागच्या दाराने धान्य दिले का, हे विचारावे. मदत करणारी माणसे बहुधा एक-दोन असतात आणि त्यांची नावे विसरली जातात. ती जरूर लिहावीत, त्यांच्या घरच्यांना विचारून.

विरोध करणाऱ्यांची नावे हा वेगळा प्रश्न आहे. न्यायालयाच्या निकालपत्रात आलेले नाव त्या कागदाच्या आधाराने देता येते. केवळ ऐकीव माहितीवर कोणाच्या आजोबाचे नाव छापणे अन्यायाचे ठरू शकते, शिवाय त्याचे नातू आणि आपले नातू आज एकाच वर्गात शिकत असतात. तेथे ‘तत्कालीन सरपंच’ किंवा ‘गावातील जमीनदार मंडळी’ एवढे पुरते. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिचे नाव, तिची ओळख पटेल असा तपशील, कोणत्याही कारणाने छापू नये.

जमिनीचा लढा असेल तर तलाठ्याकडून जुने सातबारा आणि फेरफार काढावेत. १९५८ च्या कायद्याने महार वतनासारखी कनिष्ठ वतने मुंबई राज्यात संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली, पण त्यासाठी रक्कम भरावी लागे आणि ती न भरल्याने किंवा कागद न समजल्याने हाडकी-हाडोळ्याच्या, म्हणजे महार वतनाच्या, जमिनी अनेकांच्या हातून गेल्या. फेरफाराच्या नोंदीत ही सगळी कथा चार ओळींत असते. मराठवाड्यातील कुटुंबांनी लक्षात ठेवावे की १९४८ पर्यंत तेथे निजामाचे राज्य होते, त्यामुळे जुने कागद उर्दूत असतात. पश्चिम महाराष्ट्रात ते मोडीत असतात. वाचणारा मिळेपर्यंत ते जपून ठेवावेत, अंदाजाने अर्थ लावू नये.

पक्ष आणि गट यांविषयी हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांनी स्थापन केलेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष, त्यातले ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ हे दोन तट, नंतरचे गायकवाड, खोब्रागडे, कांबळे, गवई हे गट, १९७२ ची दलित पँथर आणि तिच्या फुटी, यांतून त्या माणसाचा प्रवास कसा झाला ते सालवार दोन परिच्छेदांत सांगावे. कोणत्या गटाने दगा दिला याचा हिशेब स्मरणिकेत मांडू लागले की मूळ माणूस मागे पडतो आणि सभेला आलेले निम्मे लोक उठून जातात. नामांतराच्या काळाला मात्र जागा द्यावी. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. या काळात ज्यांच्या अंगणात परगावची विस्थापित कुटुंबे राहिली, त्यांनी भाषण केले नसेल, पण त्यांच्या घरातल्या चुलीचा हिशेब हा चळवळीचाच हिशेब आहे.

लिहिणे आणि वाचणे

साहित्य जमल्यावर दोन मजकूर तयार करावेत. एक सभेत वाचण्याचा, सुमारे सहाशे शब्दांचा, जो सावकाश वाचला तर पाच-सहा मिनिटांत होतो. दुसरा स्मरणिकेचा, वीस-पंचवीस पानांचा. सभेतला मजकूर घरातल्याच कोणीतरी, त्रिसरण-पंचशील झाल्यावर लगेच, पहिल्या वक्त्याच्या आधी वाचावा. तो आधी वाचला की पुढचे वक्ते त्यातल्या प्रसंगांना धरून बोलतात. शेवटी ठेवला तर आमदार निघून गेलेले असतात, मुले झोपलेली असतात आणि कोणी ऐकत नाही.

मजकूर कसा असावा यासाठी एक कल्पित नमुना देतो. आधी जसा लिहिला जातो तसा : ‘अप्पा हे लहानपणापासूनच अन्यायाविरुद्ध लढणारे होते. त्यांनी गावात समतेची ज्योत पेटवली आणि अनेक संकटांना धैर्याने तोंड दिले.’ आणि आता तोच मजकूर, विचारपूस करून लिहिलेला : ‘दुष्काळाच्या आधीच्या वर्षी अप्पांनी गावाच्या आडावर पोहरा टाकला. त्याच संध्याकाळी गिरणीवाल्याने आमचे दळण परत पाठवले. पुढचे अडीच महिने आई आणि थोरली आत्या डोक्यावर पायली घेऊन चार मैलांवरच्या बाजारगावी दळायला जात. अप्पा त्या काळात तालुक्याला तारखांना जात, आणि जाताना विहाराची किल्ली आईकडे देत, कारण संध्याकाळची वंदना चुकवायची नाही असे त्यांनी बजावले होते. वंदना आई घेई. तिला तोवर वाचता येत नव्हते. गाथा तिने ऐकून पाठ केल्या होत्या.’ दुसऱ्या मजकुरात गौरवाचे एकही विशेषण नाही, तरी माणूस दिसतो, घर दिसते, आणि लढ्याची किंमत कोणी दिली तेही दिसते.

फ्लेक्सचा विषय टाळता आला असता, पण राहवत नाही. फ्लेक्सवर गेलेल्या माणसाचा फोटो मध्यभागी आणि शुभेच्छुकांप्रमाणे ओळीने लावलेले पंधरा-वीस पुढाऱ्यांचे चेहरे भोवती, ही रीत बंद झाली पाहिजे. तो खर्च स्मरणिकेच्या छपाईला लावावा.

जपणूक

जुने फोटो चौकटीतून काढून स्कॅन करावेत, किमान ६०० डीपीआयवर. फोटोच्या मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनची शाई पुढे उमटते. दाखले, पत्रे आणि प्रमाणपत्रे लॅमिनेट करण्याची आपल्याकडे फार हौस आहे, पण उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा बिघडतो आणि नंतर सोडवता येत नाही, म्हणून साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावेत. ध्वनिमुद्रणे एका मोबाइलमध्ये राहू देऊ नयेत. दोन वेगवेगळ्या घरांत प्रती असाव्यात आणि प्रत्येक फाइलच्या नावात बोलणाऱ्याचे नाव व तारीख असावी.

स्मरणिका छापून झाल्यावर घरच्यांत आणि पाहुण्यांत वाटताना निदान पाच प्रती बाजूला काढाव्यात. एक विहाराच्या ग्रंथालयात, एक गावच्या शाळेत, एक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात पोच घेऊन द्यावी. पाचवी प्रत घरात ठेवून तिच्यात लोकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या समासात लिहीत जावे : कोणी म्हणेल ती तारीख चुकली, कोणी सांगेल त्या मोर्चात माझे वडीलही होते, कोणी फोटोतला अनोळखी माणूस ओळखेल. अशा दुरुस्त्यांपुढे सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस लिहावा, शक्य तेथे कागदाशी पडताळून पाहावे, आणि दुसऱ्या स्मृतिदिनाच्या आधी दोन महिने ती प्रत काढून सुधारित आवृत्तीचे काम सुरू करावे.